पोलीस स्टेशनला तक्रार देताय? या चुका टाळा

भांडण होतं, मारहाण होते, माणूस घाबरत घाबरत पोलीस स्टेशनला जातो, दोन तास बाकावर बसतो, शेवटी हातात एक कागद मिळतो आणि घरी येऊन सगळ्यांना सांगतो की केस केली. मग महिनोन् महिने वाट बघायची. कागद नीट वाचला तर वर लिहिलेलं असतं, अदखलपात्र. म्हणजे एनसी. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे आधी कुणी सांगतच नाही.

एनसी म्हणजे एफआयआर नव्हे. एनसीमध्ये मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, वॉरंटशिवाय अटक पण नाही, फक्त नोंद होते. पूर्वी भारतीय दंड संहितेतल्या ३२३, ५०४, ५०६ या कलमांचे आकडे लोकांना पाठ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता वगैरे नवीन कायदे लागू झाले आणि तेच आता ११५(२), ३५२, ३५१(२) झालंय, म्हणजे साधी मारहाण, अपमान-शिवीगाळ, धमकी. पण हाड मोडलंय किंवा दात पडलाय तर ती गंभीर दुखापत, तो दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा, तिथे एनसी घेऊन परत येऊ नका. पोलिसांकडून पत्र घेऊन सरकारी दवाखान्यात मेडिकल करा, एक्सरे काढा, आणि रिपोर्ट आल्यावर परत जाऊन कलम वाढवायला सांगा.

मोबाईलचंही तसंच. कोणी हिसकावून नेला असेल तर "गहाळ लिहा, लवकर काम होईल" असं ऐकून गहाळची तक्रार देऊ नका. गहाळ म्हणजे तुम्हीच हरवला, चोर कुठेच नाही, मग शोधायचं कुणाला?

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकून परत फिरणं ही पण चूक. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर झिरो एफआयआर घ्यावीच लागते, नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाईन तक्रार पाठवली असेल तर ३ दिवसांच्या आत जाऊन सही करा, ती राहिली तर एफआयआर होत नाही.

आता लिहिण्याबद्दल, हे जरा नीट वाचा. रागाच्या भरात लोक समोरच्याच्या अख्ख्या घराची नावं टाकतात, मारणारे दोघं असतात आणि फिर्यादीत आठ जण होतात, मग वर्षांनी कोर्टात उलटतपासणी सुरू झाली की वकील त्या तिथे नसलेल्या सहा जणांवरूनच सुरुवात करतो आणि खरी गोष्ट पण खोटी वाटायला लागते. जे पाहिलं तेच सांगा. तक्रार द्यायला उशीर झाला असेल तर का झाला ते त्यातच लिहा, दवाखान्यात होतो, घाबरलो होतो, जे असेल ते. सही करायच्या आधी पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तसं वाचून दाखवणं कायद्यातच आहे. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि "अर्ज देऊन जा, चौकशी करतो" म्हणाले तर? निदान अर्जावर आवक नंबर आणि शिक्का घ्या, नाहीतर उद्या अर्ज दिला होता हेच सिद्ध होत नाही. ललिता कुमारी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर बंधनकारक आहे. नवीन कायद्यात ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवायची.

तरीही एफआयआर नाही घेतली तर लोक एकतर सोडून देतात किंवा थेट कोर्टात जातात, आणि अर्ज तिथेच अडकतो. क्रम पाळा. आधी एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, शहरात असाल तर आयुक्तालयात, पावती जपून ठेवा. मग त्या पावतीसकट आणि प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० ला फोन करा.