चौदाव्या दिवसाची वाट बघू नका: दिवस राहण्याच्या हिशेबातल्या या चुका टाळा

एक बाई तपासणीला येताना कालनिर्णयची सहा पानं घडी घालून घेऊन आल्या. प्रत्येक पानावर, पाळी सुरू झाल्यापासून १४ व्या दिवसाला लाल गोल. संबंध फक्त त्या दिवशी. बाकी महिनाभर ‘राखून ठेवायचं’, असं कुणीतरी सांगितलेलं. पाळी किती दिवसांनी येते, असं विचारलं तर म्हणाल्या, “पस्तीस.” म्हणजे त्यांचं स्त्रीबीज बाहेर पडत होतं २१ व्या दिवसाच्या आसपास. १४ व्या दिवशीचे शुक्राणू तोवर टिकणारच नव्हते. सहा महिने दोघांनी स्वतःला दोष दिला, आणि चूक होती ती मोजण्याची.

हिशेब पुढून नाही, मागून करायचा. स्त्रीबीज पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. २८ दिवसांचं चक्र असेल तरच तो १४ वा दिवस. अ‍ॅपसुद्धा पाळीच्या मागच्या तारखांवरून अंदाजच बांधतं. पाळी मागेपुढे होत असेल तर त्यावर विसंबू नका.

दुसरी चूक याहून महागात पडते: बीज सुटेपर्यंत थांबणं. सुटलेलं स्त्रीबीज फार तर १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. दोघांची गाठ गर्भनलिकेत पडते, आणि तिथे शुक्राणूंनी आधी पोचून वाट बघत असलेलं बरं. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, हे सहा दिवस महत्त्वाचे. त्या काळात एक दिवसाआड संबंध पुरेत, रोज ठेवले तरी बिघडत नाही.

पण हे पाच दिवस कायम मिळत नाहीत. योनीतल्या आम्लात शुक्राणू काही तासांतच मरतात. त्यांना तारतो तो गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव, आणि तोही महिन्यातले मोजकेच दिवस अनुकूल असतो. एरवी तो घट्ट असतो, वाट अडवतो. बीज सुटायच्या आधी तो पातळ, निसरडा होतो. अंगठा आणि बोटात धरून ताणला तर अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखी न तुटता तार निघते. कितीतरी जणी ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून घाबरून नेमक्या याच दिवसांत संबंध टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. खाज, दुर्गंधी नसेल तर तो आजार नव्हे, तीच खूण आहे.

सकाळी थर्मामीटर लावून तापमान वाढण्याची वाट बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तापमान वाढतं तेव्हा बीज सुटून गेलेलं असतं. ओव्हुलेशन किट, म्हणजे बीज सुटणार का हे लघवीवरून बघायची घरगुती चाचणी, मात्र साधारण २४ ते ३६ तास आधी सांगतं. पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी संबंध ठेवा.

संबंधानंतर वीर्य बाहेर ओघळतं, म्हणून अर्धा तास पाय भिंतीला लावून पडायची गरज नाही. जाणारे शुक्राणू काही मिनिटांतच आत गेलेले असतात. वंगण म्हणून थुंकी किंवा बाजारातली साधी जेल मात्र टाळा, शुक्राणूंची हालचाल मंदावते.

मूल नको असणाऱ्यांची चूक उलटी. ‘पाळीत काही होत नाही’ यावर भरवसा ठेवू नका. चक्र २२ दिवसांचं असेल तर बीज ८ व्या दिवसाच्या सुमारास सुटतं, आणि पाचव्या दिवशीचे शुक्राणू तोवर जिवंत असू शकतात.

घाईने केलेली गरोदरपणाची चाचणीही फसवते. फलित बीज गर्भाशयात रुजायलाच ६ ते १० दिवस लागतात. पाळी चुकण्याआधीच्या ‘निगेटिव्ह’वर रडू नका.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, डॉक्टरांकडे जा. आणि दोघंही जा. बाईच्या सोनोग्राफीच्या फायली जाडजूड आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही, हे अजून रोज बघावं लागतं. वीर्यतपासणी साधी आहे: आधी २ ते ७ दिवस वीर्यपात होऊ द्यायचा नाही, घरून नमुना न्यायचा तर अंगाच्या उबेत, शर्टाच्या आत धरून तासाभरात पोचवायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, आणि रिपोर्ट खराब आला तर खचून न जाता तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या.