घरच्या फ्रीझरमध्ये अन्न गोठवताना

हिवाळ्यात मटार स्वस्त होतो, एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घरी येते आणि जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असल्यामुळे ताजी मासळी मिळेनाशी होते. अशा वेळी फ्रीझर मोठ्या उपयोगाचा ठरतो. मात्र पदार्थ आत कसा ठेवला, यावर तो बाहेर कसा येईल हे ठरते. थंडीमुळे जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ थांबते. त्यामुळे शिळ्याकडे झुकलेली भाजी किंवा वास येऊ लागलेली मासळी गोठवून वाचत नाही. जे गोठवायचे ते ताजे असतानाच गोठवावे.

अन्न टिकवण्यासाठी फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही, म्हणून त्यात ठेवलेल्या वस्तू दोन-तीन आठवड्यांत संपवणे शहाणपणाचे. तापमानाइतकाच गोठण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. अन्न सावकाश गोठले तर त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक तयार होऊन पेशी फुटतात आणि वितळताना सगळे पाणी सुटून पदार्थ लिबलिबीत होतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने १९१० च्या दशकात कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठणारे मासे पाहिले, ते वितळल्यावरही ताज्यासारखे लागतात हे अनुभवले आणि पुढे त्यावरूनच जलद गोठवणीचे यंत्र बनवले. घरी तेवढा वेग मिळणार नाही, पण पदार्थ पातळ थरात पसरला, आधी फ्रीजमध्ये गार करून घेतला आणि एका वेळी थोडाच ठेवला, तर बराच फरक पडतो. साठ लीटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवसात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त नवीन सामान भरू नये. नाहीतर आधीचे सामानही मऊ पडू लागते.

मटाराचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेक भाज्यांना तीच रीत लागू पडते. शेंगा तोडल्यावर दाण्यातली साखर हळूहळू पिष्टात बदलत जाते, म्हणून बाजारातून आणलेला मटार शक्यतो त्याच दिवशी सोलावा. अनेक घरांत दाणे सोलून थेट पिशवीत भरले जातात. असे दाणे पहिले काही आठवडे ठीक लागतात. पुढे त्यांचा रंग उतरतो आणि गवतासारखा वास येऊ लागतो, कारण भाजीतली विकरे म्हणजे एन्झाइम थंडीतही आपले काम मंदपणे चालूच ठेवतात. ती निष्क्रिय करण्यासाठी अर्धा किलो दाण्यांना सुमारे चार लीटर पाणी मोठ्या पातेल्यात खळखळ उकळावे, दाणे त्यात टाकून दीड ते दोन मिनिटे ठेवावे आणि लगेच चाळणीत उपसून बर्फाच्या पाण्यात सोडावे. पाणी भरपूर घ्यायचे ते एवढ्याचसाठी की दाणे पडल्यावरही उकळी लगेच परत यावी. बर्फाच्या पाण्यात दाणे पूर्ण गार झाले की निथळून सुती पंचावर पसरावे आणि हाताला ओल लागणार नाही इतके कोरडे होऊ द्यावे. मग ताटात एकेरी थर देऊन फ्रीझरमध्ये ठेवावे व दोन-तीन तासांनी दाणे खड्यांसारखे खुळखुळू लागले, की पिशवीत भरावे. असे केले की पिशवीत गोळा होत नाही आणि पुलावाला हवे तेवढे मूठभर दाणे काढता येतात. शिजवण्यापूर्वी ते वितळवू नयेत, तसेच फोडणीत घालावेत. फरसबी, गाजर आणि फ्लॉवर यांनाही हीच पद्धत चालते, फक्त तुकडे जाड असतील तर उकळत्या पाण्यात तीन मिनिटे ठेवावे.

पिशवी जाड असावी आणि तिच्यातली हवा तळहाताने दाबून काढून टाकावी. भाजीवाल्याच्या पातळ पिशव्या या कामाच्या नाहीत, कारण हवा लागलेल्या भागातले पाणी उडून जाते आणि पदार्थावर पांढरट, कोरडे चट्टे पडतात. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव पार जाते. पातळ पदार्थ डब्यात भरताना वर दोन बोटे जागा मोकळी सोडावी. पाणी गोठताना फुगते आणि काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहावी. गोठलेले पुरण आणि गोठलेला आमरस दिसायला फार वेगळे नसतात.

आमरसासाठी पूर्ण पिकलेला, पण डाग न पडलेला आंबा घ्यावा. रसात दूध मुळीच घालू नये. थोडी साखर आणि किंचित लिंबाचा रस घातल्यास रंग चांगला टिकतो. एका जेवणाला पुरेल एवढाच रस प्रत्येक पिशवीत भरून पिशव्या आडव्या, पाटीसारख्या सपाट गोठवाव्या. खोवलेला ओला नारळही असाच पातळ पसरून ठेवला, तर हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो.

मासळीची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. खवले व आतडी काढून, धुऊन, कोरड्या फडक्याने टिपून सुरमईच्या तुकड्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून ठेवाव्या. सोललेली कोळंबी छोट्या डब्यात घालून बुडेल एवढे पाणी ओतावे. पाण्याचा बर्फ झाला की तिला हवा लागत नाही. बांगडा आणि तारली यांत तेल जास्त असल्यामुळे त्यांना खवट वास लवकर येतो, म्हणून ते दोन महिन्यांत संपवावे. बोंबील घरी गोठवण्याच्या फंदात पडू नये, वितळताना त्यात काही उरत नाही. मासेवाल्याकडे आधीच गोठलेला माल आहे का, हे विचारून घ्यावे आणि तसा असल्यास तो पुन्हा गोठवू नये.

काही पदार्थ मुळातच यासाठी नाहीत. काकडी, कच्चा टोमॅटो आणि पालेभाजीची कोशिंबीर मऊ पडते, दही फुटते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो आणि रश्श्यातला बटाटा भुसभुशीत होतो; तेव्हा रस्सा बटाट्याशिवाय गोठवून बटाटा नंतर घालावा. कोथिंबिरीची पाने काळवंडतात, तिचे वाटण करून बर्फाच्या साच्यात घातले तर चालते. पुरण, उसळी, मोड आलेली मटकी, आले-लसणाचे वाटण हे सारे छान टिकते. शिजवलेला पदार्थ ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून तो लवकर गार करावा.

मासे आणि मटण वितळवण्यासाठी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून द्यावे. घाई असेल तर पिशवी बंद ठेवून थंड पाण्यात बुडवावी आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे. ओट्यावर दिवसभर ठेवलेल्या मांसाचा बाहेरचा भाग, आतला गोळा वितळण्यापूर्वीच, जिवाणू वाढण्याइतका गरम झालेला असतो. ते पुन्हा गोठवू नये. वीज गेल्यास दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंड राहतो. गावाला जाण्यापूर्वी वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मध्ये सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजून मांस, मासळी आणि शिजवलेले पदार्थ टाकून द्यावे.