पॉइंट टू-टूचा बोल्ट जड जात होता, तेव्हा

नागपूरच्या रेंजवर मे महिन्यात माझ्या पॉइंट टू-टू मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) बंद करायला जोर लागू लागला. न झाडलेलं काडतूस बाहेर काढलं की शिशाच्या गोळीवर आट्यांचे (नळीतल्या पिळदार खाचांचे) बारीक ओरखडे दिसायचे. ते ओरखडे म्हणजे दोष नव्हे. मॅच रायफलचा चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, मुळातच आखूड आणि घट्ट असतो, गोळी आट्यांना टेकून बसते, नेमही त्यामुळेच चांगला लागतो. पण मग मळाला जागा उरत नाही. या गोळीवर बाहेरून मेणाचा लेप असतो. मेण, शिसं आणि जळकी दारू मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाशी कडक कडं धरतं. त्यात आपलं ४५ अंशांचं ऊन, पेटी तापली की मेण मऊ होऊन धूळही पकडतं.

रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढला, चेंबरला सॉल्व्हंट लावून मुरू दिलं. मग ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूने फिरवला, फडकं स्वच्छ येईपर्यंत पुसलं. बोल्ट दोन बोटांनी बंद होऊ लागला. जोर लावून काडतूस कधीच बसवू नका, हे काडतूस रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो! एका ब्रँडची काडतुसं अजूनही घट्टच जातात, ती या रायफलसाठी घेणं बंद केलंय.