पूररेषेत बांधकाम: पुण्यात परवानगी काढताना या चुका टाळा

मुठा, मुळा किंवा मुळा-मुठेच्या काठी घर बांधू पाहणाऱ्या माणसाची पहिली चूक बहुधा मोजपट्टीपाशीच होते. नदी इथून तीनशे फूट लांब आहे, मग पूररेषेचा प्रश्न कुठे येतो, असे धरून तो नकाशा काढून घेतो, पाया खणतो आणि अर्ज परत आल्यावर चकित होतो. पूररेषा म्हणजे नदीपासूनचे अंतर नव्हे. ती पाण्याची पातळी आहे आणि ती समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजली जाते. सखल पट्ट्यात ही रेषा काठापासून पुष्कळ आत शिरते, तर उंच काठावर ती नदीला जवळजवळ चिकटून जाते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन प्लॉटांना वेगवेगळे नियम लागू शकतात.

सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा या दोन रेषा जलसंपदा विभाग आखतो. खडकवासला धरणाखालच्या मुठेसाठी निळी रेषा 60 हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला 60 हजार घनफूट पाणी) आणि लाल रेषा 1 लाख क्युसेक विसर्ग गृहीत धरून ठरवलेली आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची 99 वर्षे निर्धास्त राहावे असा कोणी काढू नये. तो पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता सुमारे 1 टक्का असते, आणि तो लागोपाठच्या दोन वर्षीही येऊ शकतो. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील इमारतींत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेले पाणी 60 हजार क्युसेकपेक्षा बरेच कमी होते. धरणाच्या विसर्गात वाटेवरच्या ओढ्यांचे आणि शहरात पडलेल्या पावसाचे पाणी मिसळते, ही गोष्ट नदीकाठी जागा घेणाऱ्याने कधीही विसरू नये.

दुसरी चूक विकास आराखड्याच्या नकाशाबाबत होते. जागा निवासी विभागात आहे, झोन दाखला हातात आहे, म्हणून बांधकामाला अडचण नाही असे समजले जाते. निवासी विभाग आणि पूररेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवासी विभागातील प्लॉटचा काही भाग, क्वचित संपूर्ण प्लॉट, निळ्या रेषेच्या आत असू शकतो. सातबारा, मिळकत पत्रिका आणि खरेदीखत यांतून मालकी कळते, पाण्याची पातळी कळत नाही. ज्यांना ही जागा विकायची असते ते हा फरक सहसा सांगत नाहीत, म्हणून विसार देण्यापूर्वीच सर्व्हे क्रमांक आणि मोजणी नकाशा जोडून जलसंपदा विभागाकडे पूररेषेच्या पातळीची लेखी मागणी करावी. तोंडी उत्तरावर एक रुपयाही गुंतवू नये.

डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली या बाबतीत स्पष्ट आहे. नदीकाठ आणि निळी रेषा यांमधला पट्टा हा प्रतिबंधित भाग आहे. तिथे उद्यान, हिरवळ, वाहनतळ, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, पाण्याच्या वा सांडपाण्याच्या वाहिन्या आणि सार्वजनिक स्वच्छतागृह अशा वापरांपलीकडे नवे बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकाम होऊ शकते, पण त्याचे जोते, म्हणजे ज्या उंचीवर घराची जमीन सुरू होते तो पायावरचा भाग, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर असावे लागते. जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासाला निळ्या रेषेच्या आतही याच उंचीवर आणि जलसंपदा विभागाच्या ना हरकत प्रमाणपत्रासह परवानगी मिळू शकते. इथे 'अधिकृत' हा शब्द निर्णायक आहे. ज्या सोसायटीकडे मूळ मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नाही, तिने विकसकाशी करार करण्याआधी ती कागदपत्रे शोधावीत.

या 0.45 मीटरवरून सर्वाधिक अर्ज बिघडत असावेत असे माझे मत आहे. ही उंची रस्त्यापासून किंवा अंगणापासून मोजायची नसते. समजा, लाल रेषेची पातळी 545.20 मीटर आहे आणि समोरचा रस्ता 544.00 मीटरवर आहे. मग जोते 545.65 मीटरवर यायला हवे, म्हणजे रस्त्यापासून 1.65 मीटर उंच. रस्त्यापासून दीड फूट जोते उचलणाऱ्याचे घर लाल रेषेच्या पाण्यात 0.75 मीटर बुडलेले राहील. म्हणून सर्व्हेअरकडून कायम खुणेशी (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या सरकारी खुणेशी) जुळवलेला, जागेचे उंचसखलपण दाखवणारा समपातळी नकाशा करून घ्यावा, त्यावर दोन्ही रेषा दाखवाव्यात आणि जोत्याची पातळी आकड्यात लिहावी. पातळीचा आकडा नसलेला नकाशा त्रुटी काढून परत आला, तर त्याचा दोष अधिकाऱ्याला देता येणार नाही. पार्किंगच्या मजल्याची पातळी कशी धरली जाईल, हेही आधीच लेखी विचारून घ्यावे. वीज मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टची यंत्रणा पाण्याच्या पातळीच्या वर राहतील याची खबरदारी आपण स्वतःच घ्यायची असते.

राडारोडा टाकून प्लॉट उंच केला की तो रेषेबाहेर जातो, हा समज या शहराचे फार मोठे नुकसान करत आहे. पातळी ठरलेली असते, तुमच्या भरावाने ती बदलत नाही. पाण्याची जागा मात्र कमी होते आणि ते शेजारच्या वस्तीत शिरते. नदीकडेला बांधलेली सीमाभिंतही प्रवाह अडवते, म्हणून ती 'नुसती भिंत' आहे असे मानून विनापरवाना उभी करू नये. ओढ्यांनाही हेच लागू आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर परिसर, टांगेवाला कॉलनी आणि इतर वस्त्यांत माणसांचे प्राण घेतले. ओढ्यालगतच्या प्लॉटवर किती अंतर मोकळे सोडायचे, हे महापालिकेच्या अभिप्रायात मागून घ्यावे.

महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली, त्यामुळे आपल्या जागेची परवानगी महापालिका देते की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), याची अर्ज भरण्याआधी खात्री करावी.

प्लॉट रेषेने कापला गेला असेल तर निराश होण्याचे कारण नाही. विकसनक्षम विभागातील जमिनीच्या पूररेषेत गेलेल्या भागाचा चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते) उरलेल्या भागावर वापरण्याची मुभा याच नियमावलीत आहे. अनेक वास्तुविशारद ती मागायला विसरतात.

बांधकाम झाल्यावर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम हटवण्याची, नोटीस आली, तर मिळकत कराची पावती आणि वीजबिल दाखवून ती टळत नाही. कर भरला म्हणजे बांधकाम वैध ठरते, असे कायदा कुठेही म्हणत नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम 44 खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो. निळ्या रेषेच्या आत तो मंजूर होण्याची आशा फारच थोडी असते, पण रेषांमधल्या पट्ट्यात जोते पुरेसे उंच असल्याचे मोजणीने सिद्ध झाले, तर तोच अर्जाचा मुख्य पुरावा ठरू शकतो. म्हणून नोटीस हाती पडताच पहिल्याच दिवशी सर्व्हेअरला बोलावून पातळी मोजून घ्यावी आणि तो अहवाल घेऊन वकिलाकडे जावे.