मंगल कार्यालयाची साइट लाइव्ह करण्याआधी

तुळशीची लग्नं लागली की ठाण्यातल्या मंगल कार्यालयांचे फोन वाजू लागतात. कार्यालयाची साइट करायला घेतली असेल तर ती दिवाळीआधीच तपासून मोकळं व्हावं. साइटवर काम तसं थोडंच: तारीख बघणं, हॉलचे फोटो, जेवणाचा मेन्यू, ॲडव्हान्स. पण ती कोण कशावर उघडेल याचा नेम नाही. त्यामुळे तयारीची सुरुवात माणसांपासून करा. नौपाड्यातल्या मालकांचा काउंटरवरचा पीसी, घोडबंदर रोडला राहणाऱ्या नवरीचा आयफोन, तिच्या बाबांचा सॅमसंग, न्यू जर्सीहून हॉल पसंत करणाऱ्या मावशीचा मॅकबुक. एवढं कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझरची आवृत्ती लिहा. ‘सगळीकडे चाललं पाहिजे’ असं मालक म्हणणारच. त्यांच्याकडून हाच कागद मंजूर करून घ्या.

ब्राउझरची नावं ढीगभर असली तरी आतून पान रंगवणारी इंजिनं मुख्यतः तीन. क्रोम, २०२० पासूनचा नवा एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवर चालतात, सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर. क्रोम आणि एज दोन्ही तपासून ‘दोन ब्राउझर झाले’ असं समाधान मानू नका. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच असतो. युरोपीय संघात २०२४ पासून हा नियम सैल झाला, पण नौपाड्याला त्याचा काय उपयोग!

खरी अडचण जुन्या आवृत्त्यांची. काउंटरवरच्या पीसीवर विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ वर अडकलेला असतो, आणि सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मधलं नेस्टिंग, म्हणजे एका नियमाच्या पोटात दुसरा लिहिणं, क्रोममध्ये ११२ पासून आलं. आयफोन ७ हा आयओएस १५ च्या पुढे जात नाही आणि तिथली सफारी सिस्टिमबरोबरच थांबते. ही दोन यंत्रं यादीत असतील तर नेस्टिंग, सबग्रिड, कंटेनर क्वेरी अशा सीएसएसच्या नव्या सोयी वापरण्याआधी पर्यायी नियम लिहून ठेवा. ब्राउझरचं नाव ओळखून वेगळी वाट काढण्यापेक्षा ती सोय आहे का हे विचारणारं सीएसएसमधलं ॲट-सपोर्ट्स (@supports) वापरा. क्रोम स्वतःची ओळख म्हणून जी ओळ पाठवतो त्या यूजर एजंटमध्ये मोझिला आणि सफारी ही दोन्ही नावं असतात, त्या नावांवर काय विसंबायचं?

आता देवनागरी. परदेशी चेकलिस्टमध्ये हा भाग बहुधा सापडत नाही आणि मराठी साइट इथेच उघडी पडते. फाँट यंत्रावर सोडला तर विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर देवनागरी असं काहीही येईल आणि प्रत्येकाची उंची-रुंदी वेगळी. वेबफाँट स्वतःच द्या आणि त्याचं बोल्डही द्या. नाहीतर ब्राउझर रेग्युलरलाच जाड करतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची पोटं बुजतात. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. मथळ्यांची लाइन-हाइट इंग्रजी डिझाइनमधून जशीच्या तशी उचलली तर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो, बटणांमध्ये तर हमखास. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग (lang) या एचटीएमएलच्या खुणेत एमआर (mr, म्हणजे मराठी) लिहा, म्हणजे ज्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं आहेत तिथे ती मिळतील. चाचणीला ‘वऱ्हाडी’, ‘कार्यालय’, ‘ॲडव्हान्स’, ‘पंक्तीतल्या दुसऱ्या’ असे शब्द घ्या. वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ नीट दिसला की निम्मं काम झालं.

आकड्यांचं तसंच. मराठी कीबोर्डवरून कुणी मोबाइल नंबर देवनागरी ९ ने सुरू केला तर नंबर तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूण (\d) तो अंक म्हणून ओळखत नाही. फील्ड टेलिफोन प्रकारचं ठेवा आणि देवनागरी अंक आधी इंग्रजी करून मग तपासा.

कार्यालयाच्या साइटचा जीव तारखेत असतो. २०२७-०२-२० अशी नुसती तारीख जावास्क्रिप्टच्या डेटला दिली की ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरली जाते. ठाण्यात ते पहाटेचे साडेपाच, तारीख बरोबर. मावशीला न्यू जर्सीत १९ फेब्रुवारी दिसेल आणि मुहूर्तावरून घरात वाद. ०५-०२-२०२७ अशी लिहिली तर क्रोम ती ५ फेब्रुवारी न धरता २ मे धरतो, आणि इतर ब्राउझरही तसंच वाचतील याची हमी नाही. बुक झालेली तारीख साधा मजकूर म्हणूनच साठवा, वर्ष-महिना-दिवस वेगळे करून दाखवा आणि लॅपटॉपचा टाइमझोन न्यूयॉर्कचा करून कॅलेंडर एकदा बघाच.

फोटो बघताना दोन गोष्टी. विंडोज लॅपटॉपवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सहसा एकच धरलं जातं, लिनक्स सर्व्हरवर नाही. तुमच्याकडे दिसणारा हॉल लाइव्ह झाल्यावर गायब होतो. सगळी नावं लहान अक्षरांत करा. दुसरं, मालकांनी आयफोनवरून पाठवलेले एचईआयसी (आयफोनचा फोटो-फॉरमॅट) फोटो जेपीजी करून घ्या, क्रोम ते दाखवत नाही.

आयफोनवर इनपुटची अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर बोट ठेवताच पान झूम होतं. पूर्ण उंचीसाठी सीएसएसमध्ये १०० व्हीएच (स्क्रीनची सगळी उंची) दिलं की खालचं ‘बुक करा’ बटण ॲड्रेस बारमागे जातं. बार सोडून उरलेली उंची मोजणारं डीव्हीएच वापरा, जुन्या ब्राउझरसाठी आधीची व्हीएचची ओळ तशीच राहू द्या. विंडोजवर १०० व्हीडब्ल्यू (सगळी रुंदी) दिलं तर स्क्रोलबारमुळे पान आडवं हलतं. मॅकवर हे सहसा दिसत नाही, तेव्हा डिझायनरच्या मॅकवर निर्धास्त राहू नका.

ॲडव्हान्सची यूपीआय लिंक अँड्रॉइड, आयफोन आणि इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये वेगवेगळी तपासा. डेस्कटॉपवर लिंकऐवजी क्यूआर दाखवा. पावती प्रिंट करून बघा, पार्श्वभूमीचा रंग सहसा छापला जात नाही, त्यामुळे लाल पट्टीवरची पांढरी रक्कम कागदावर नीट वाचता येते का ते पाहा.

तपासायला सगळे फोन विकत घ्यायची गरज नाही. प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनात तिन्ही इंजिनं विंडोजवरही चालतात, पण त्यातलं वेबकिट म्हणजे खरी आयफोनची सफारी नव्हे. खरी उपकरणं भाड्याने देणारं ब्राउझरस्टॅक २०११ मध्ये मुंबईतच सुरू झालं. तेही नको असेल तर एक दुपार मालकांच्या घरच्यांचे फोन मागून घ्या. मालकीणबाई स्वतः तारीख बुक करतात तेव्हा बाजूला बसा आणि मध्ये बोलू नका.

प्रत्येक यंत्रावर पान हुबेहूब सारखं दिसण्याचा हट्ट सोडा, ड्रॉपडाउन आयफोनवर वेगळाच दिसणार. तारीख, रक्कम आणि पावती मात्र सगळीकडे तीच हवी. लाइव्ह झाल्यावर तक्रार आली तर मालकांनी काय विचारायचं ते काउंटरवर चिकटवून ठेवा: फोन कोणता, लिंक व्हॉट्सॲपवरून उघडली की इन्स्टाग्रामवरून, आणि स्क्रीनशॉट.