४१६००४ चे मूळ अवयव कसे पाडायचे

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या पत्त्यावर ४१६००४ हा पिनकोड असतो. मूळ अवयवांच्या सरावाला ही संख्या फार चांगली आहे, कारण सुरुवात सोपी असली तरी शेवट चिवट आहे.

शेवटचे दोन अंक ०४, म्हणून ४ ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ००४, म्हणून ८ ने जात नाही. अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने जातो, ९ ने नाही. १२ ने भागा, उरतात ३४६६७.

खरं काम इथून पुढे. अनेकजण ७, ११, १३ तपासतात आणि मूळ संख्या म्हणून मोकळे होतात. तेवढ्यावर भागत नाही. १८६ चा वर्ग ३४५९६ आणि १८७ चा ३४९६९, त्यामुळे १८६ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावंच लागतं. पुढे जायची गरज नाही, कारण ३४६६७ चे दोन अवयव पडले तर त्यातला लहान १८६ च्या आतच असणार.

७, ११, १३ ची तपासणी एकदम होते, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन अंक तोडा: ३४ आणि ६६७. वजाबाकी ६३३. तिला ७ ने भागून बाकी ३, ११ ने ६, १३ ने ९. तिन्ही बाद.

आता १७ ते १८१ या ३६ मूळ संख्या राहिल्या. कॅल्क्युलेटर जरूर वापरा, पण दशांशावर विसंबू नका. १०७ ने भागल्यावर ३२३.९९ येतं. घाईत ते ३२४ धरलं की १०७ हा खोटाच अवयव हाती लागतो. उलट गुणा: १०७ × ३२४ = ३४६६८, एकाने जास्त. म्हणून प्रत्येक वेळी बाकी वहीत लिहायची सवय ठेवा: १७ ला ४, १९ ला ११, २३ ला ६. कुठेच शून्य येत नाही, म्हणजे ३४६६७ मूळ.

४१६००४ = २² × ३ × ३४६६७

एवढं हाती आलं की बाकीचं पटापट निघतं. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज (१ + २ + ४) × (१ + ३) × (१ + ३४६६७), म्हणजे ७ × ४ × ३४६६८ = ९७०७०४. त्यातून संख्या वजा केली तरी ५५४७०० उरतात, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा मोठी. दोन वर्गांची बेरीज म्हणून मात्र ही संख्या लिहिता येत नाही, कारण ३ एकदाच आला आहे.

दोन वर्गांची वजाबाकी म्हणून ती लिहायची, तर गुणाकार ४१६००४ येणाऱ्या विभाजकांच्या दोन्ही सम असलेल्या जोड्या घ्या. अशा दोनच आहेत: २ × २०८००२ आणि ६ × ६९३३४. बेरजेचं निम्मं आणि फरकाचं निम्मं घेतलं की १०४००२² − १०४०००² आणि ३४६७०² − ३४६६४² मिळतात. ४ × १०४००१ घेतलं तर बेरीज विषम येते आणि निम्मं पूर्णांकात निघत नाही.