इटलीत राहायला आलात? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून तोरिनो (आपण ट्यूरिन म्हणतो ते) किंवा मिलानला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हायसं वाटतं. मोठ्यानं बोलणारी, हातवारे करणारी माणसं. जिन्यात भेटल्यावर ‘जेवलास का?’ विचारणारी शेजारची आजी. तिशी उलटली तरी आईच्या हातचं खायला दर रविवारी घरी पळणारे सहकारी. ‘हे तर आपल्यासारखेच!’ असं तो घरी फोनवर सांगतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जर्मनीत गेलेला माणूस आधीपासून सावध असतो, प्रत्येक गोष्ट विचारून करतो. इटलीत तो सैल सुटतो. इथे ट्रेन वीस मिनिटं उशिरा आली तर कुणी भुवई उंचावत नाही, पण दुपारी चार वाजता जेवायला मागितलंत तर वेटर तुमच्याकडे पाहतच राहतो. ढिलाई कुठे आणि कडकपणा कुठे, याची वाटणी आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे.

बारामतीच्या पियाज्जोमुळे आणि रांजणगावच्या फियाटमुळे मराठी इंजिनियरांचं पोन्तेदेरा आणि तोरिनोला जाणं-येणं जुनंच आहे. आता तोरिनो-मिलानच्या पोलितेक्निकोत, म्हणजे तंत्रविद्यापीठांत, शिकायला येणारी मुलंही पुष्कळ. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका इथे सांगतो.

मुक्यानं दुकानात शिरणं

आपण वाण्याच्या दुकानात जाऊन थेट ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इटलीत बेकरी असो, औषधांचं दुकान असो, लिफ्ट असो की डॉक्टरची वेटिंग रूम, आत पाऊल टाकताच ‘बुऑनजॉर्नो’ म्हणायचं. दुपार कलल्यावर ‘बुऑनासेरा’. निघतानाही एक निरोप. हे न करणारा माणूस उर्मट ठरतो. मग समोरची बाई तुटक का वागतेय हे त्याला कळत नाही, आणि तो वर्णद्वेषाच्या निष्कर्षाला येतो. वर्णद्वेष इथे नाही असं म्हणणार नाही, पण आधी आठवडाभर नमस्कार करून बघा.

‘चाओ’ मात्र ओळखीच्यांसाठी ठेवा. प्राध्यापक, बँकेतला माणूस, घरमालकीण यांना ‘लेई’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’. समोरचा माणूस आपणहून ‘तू म्हण’ असं सांगेपर्यंत तेच चालू ठेवा. अडलं तर ‘साल्वे’ म्हणा, ते दोन्हीकडे खपतं.

रांग दिसत नाही म्हणून पुढे घुसू नका. दवाखान्यात माणसं इकडेतिकडे विखरून बसलेली असतात, पण रांग सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते. आत गेल्यावर ‘की ए लूल्तिमो?’, म्हणजे शेवटी कोण आहे, असं मोठ्यानं विचारायचं. ज्याचा हात वर होईल, त्याच्यानंतर तुम्ही.

बेलवर नाव नसणं आणि नावाचाच घोळ

ही चूक दिसायला किरकोळ आहे, पण सगळ्यात महाग पडते. आपल्या पत्त्यात विंग, मजला, फ्लॅट नंबर असतो. इटलीत बहुतेक इमारतींना फक्त रस्त्यावरचा क्रमांक, आणि आत माणूस शोधायचा तो बेलच्या पाटीवरच्या आडनावावरून. तुमचं आडनाव बेलवर आणि पत्रपेटीवर नसेल तर पोस्टमन ‘असा कुणी राहत नाही’ असं लिहून पत्र परत पाठवतो. ते पत्र बँकेच्या कार्डाचं असू शकतं, नाहीतर सरकारी नोटिशीचं. घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून दोन्हीकडे चिकटवा, भले अक्षर वाकडं का येईना. रजिस्टर पत्राच्या वेळी घरी नसलात तर पेटीत चिठ्ठी पडते. ती जाहिरातीचा कागद समजून फेकू नका. ती आणि ओळखपत्र घेऊन मुदतीत पोस्टात जायचं.

दुसरा घोळ खास मराठी आहे: मधलं नाव. काहींच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इटलीत प्रत्येकाला सोळा अक्षर-अंकांचा ‘कोदिचे फिस्काले’ मिळतो. सिमकार्डापासून घरभाड्याच्या करारापर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही. हा कोड आडनाव, नाव, जन्मतारीख, लिंग आणि जन्मस्थानावरून तयार होतो. नावातली व्यंजनं घेतात, आणि ती चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं, चौथं. म्हणजे नुसता ‘राहुल’ असेल तर आर-एच-एल, पण ‘राहुल सुरेश’ असेल तर आर-एल-एस. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलंत आणि दुसरीकडे लिहिलंत, की कागदोपत्री तुमची दोन माणसं होतात.

उपाय एकच. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव सगळीकडे लिहा, विद्यापीठाच्या फॉर्मपासून बेलच्या चिठ्ठीपर्यंत. कुणी परस्पर इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरवरून कोड काढून दिला तर तो वापरू नका, आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते या कर खात्यानं दिलेलाच खरा. आणि बायकांनी एक लक्षात ठेवावं: कोडमध्ये जन्मदिवस चाळीसनं वाढवलेला असतो. पाच तारखेला जन्मलेलीच्या कोडमध्ये ४५ दिसतं. ती छपाईची चूक नाही, दुरुस्तीसाठी रांगेत उभं राहू नका.

राहण्याचा परवाना, ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’, याचा अर्ज इटलीत पोहोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पोस्टातून करायचा असतो. पोस्टाची पावती जपा. कार्ड हातात पडायला महिनोन्‌महिने लागतात आणि तोवर ती पावतीच तुमचा आधार. पण नूतनीकरण चालू असताना फक्त त्या पावतीवर भारतात जायचं असेल तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलू नका. शेंगेनबाहेरून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेरून, जाणारं किंवा थेट विमान घ्या.

‘मी शाकाहारी आहे’ एवढंच सांगून थांबणं

इटली शाकाहाऱ्यांना सोपी जाते हे खरं, पण अर्धवट खरं. ‘मांस नको’ म्हटलं की कधीकधी हॅम किंवा ट्यूना घातलेलं सँडविच समोर येतं, देणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. त्याच्या लेखी मांस म्हणजे ताटातला तुकडा. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सुपात पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, असू शकतं, मिलानच्या केशरी रिसोत्तोत (मऊ भातात) पारंपरिक पद्धतीनं गोमांसाचं पाणी आणि हाडातली मज्जा असते, रोमान्यातल्या पियादिना या पोळीत डुकराची चरबी आणि पान्ना कोत्ता या गोड पदार्थात प्राण्यांपासूनचं जिलेटिन.

त्याहून मोठा प्रश्न चीजचा. पार्मिजानो रेज्जानोमध्ये तीनच गोष्टी घालायची परवानगी आहे: दूध, मीठ आणि वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण. ग्राना पादानोतही वासराचंच, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. पेस्तो या हिरव्या चटणीतही बहुधा हीच चीज असतात. म्हणजे कडक शाकाहारी माणूस ज्याला निर्धोक समजून खातो, तेच त्याला चालणारं नसतं. (ज्या पो नदीच्या खोऱ्यात हे पार्मिजानो होतं, तिथल्या गोठ्यांत पिढीभर पंजाबी शीख राबताहेत. नोवेल्लारात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. तिकडच्या खेडेगावात तुम्ही भारतीय म्हटलं की ‘गाईंचं काम करता का?’ असा प्रश्न येतो. तो टोमणा नसतो.)

कुठवर पाळायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पाळायचंच असेल तर सुपरमार्केटात चीजच्या वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’ (वनस्पतींचं रेनेट) किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ (सूक्ष्मजीवांचं) शोधा. पिझ्झेरियात मारिनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज अजिबात नाही. अंडं चालत नसेल तर कोरडा पास्ता घ्या, तो साधारणपणे रवा आणि पाण्याचाच असतो. ताल्यातेल्ले किंवा लझान्याच्या ताज्या पास्त्यात बहुधा अंडी असतात. आणि जेनोव्हाच्या बाजूला किंवा तोरिनोत असाल तर फारिनाता विचारा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. पहिल्या घासाला घर आठवतं.

भुकेला घड्याळ नसतं असं समजणं

इथे असतं. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर, दक्षिणेला आणखी उशिरा. मधल्या वेळात रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर बंद, विनवणी चालत नाही. चार वाजता भूक लागली तर बारमध्ये पानीनो (सँडविच) खा किंवा तुकड्यावर विकतात तो पिझ्झा. बार म्हणजे इथे दारूचा अड्डा नव्हे, सकाळी आजी-आजोबा नातवाला घेऊन कॉफीला जातात तो बार. बऱ्याच बारमध्ये, विशेषतः गर्दीच्या ठिकाणी, आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि मग ती काउंटरवर दाखवायची. उभ्यानं प्यायलेली कॉफी स्वस्त, टेबलावर बसलात की भाव वाढू शकतो. ‘लात्ते’ मागितलंत तर ग्लासभर दूध मिळेल. जेवणानंतर कापुचिनो मागवलंत तर मिळेल, पण सोबतचे इटालियन मित्र तुमच्या पोटाची काळजी करत बसतील.

बिलात ‘कोपेर्तो’ दिसला की भांडू नका. तो माणशी आकार असतो आणि मेन्यूवर छापलेला असतो. टिप द्यायचं बंधन नाही.

एकदम सगळं चालू करणं

बहुतेक इटालियन घरांचा वीजजोड तीन किलोवॅटचा. वॉशिंग मशीन, ओव्हन आणि पाणी तापवायचा बॉयलर एका वेळी लावलात की काळोख. मीटर बऱ्याचदा तळमजल्यावर किंवा तळघरात असतो. आधी घरातली एखादी जड गोष्ट बंद करा, मग खाली जाऊन मीटरचा खटका वर करा. आणि खाली जाताना किल्ली घ्या. इथले दरवाजे ओढले की लागतात, बाहेरून मुठीनं उघडत नाहीत. कुलूपवाल्याला बोलावणं महिन्याच्या बजेटला खिंडार पाडतं.

इमारतीचा सामायिक हीटर आपल्या मर्जीवर नाही. उत्तरेत, म्हणजे मिलान, तोरिनो, बोलोन्यात, तो १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतो, तोही दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास. रोमला नोव्हेंबरपासून. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उतरणाऱ्यांनी स्वेटर हाताशी ठेवावा, घरमालकाशी वाद घालून उपयोग नाही.

ओला कचरा कुजून जाणाऱ्या पिशवीतच टाका. चुकीचा कचरा सापडला तर दंड अख्ख्या इमारतीवर बसू शकतो आणि मग शेजारी तुम्हाला विसरत नाहीत. दुपारी जेवणानंतरच्या वेळात मिक्सर, ड्रिल, ढोलकी, काही नको. न्हाणीघरातल्या बिदेचं, म्हणजे शौचानंतर पाण्यानं धुवायच्या बसक्या भांड्याचं, मात्र मनापासून स्वागत करा. १९७५ पासून घराच्या न्हाणीघरात तो असणं सरकारी नियमानं बंधनकारक आहे. युरोपात पाण्यावाचून हाल झालेल्या आपल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

घरी बोलावल्यावर

शेवंती नेऊ नका. आपल्या पूजेत, वेणीत असते ती शेवंती इथे मृतांची. दोन नोव्हेंबरच्या सुमाराला इटलीभर कबरींवर तीच दिसते. ती हातात घेऊन दारात उभं राहिलात तर यजमानीण हसून घेईल, पण तिच्या सासूचा चेहरा बघवणार नाही. चांगल्या दुकानातली मिठाई न्यावी, हे कधीच चुकत नाही.

उंबऱ्यावर ‘पेर्मेस्सो’, म्हणजे ‘येऊ का?’, म्हणून आत यायचं. बूट सवयीनं काढू लागाल; आधी विचारा, कारण अनेक घरांत पाहुण्यानं मोज्यांवर फिरणं विचित्र वाटतं. मासळीच्या पास्त्यावर चीज मागू नका. स्पगेत्ती सुरीनं कापू नका. ‘नको, नको’ असं शिष्टाचारापुरतं म्हणायची सवय उत्तरेत तरी सोडा, एका नकारावर ताट उचललं जातं आणि तुम्ही उपाशी घरी जाता. नेपल्सकडे ती अडचण नाही.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देणं अपशकुनी. यात भारतातल्या मित्रमंडळींची गंमत होते: हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इटलीत संध्याकाळचे साडेसात, तोही आदला दिवस. इटालियन वहिनीला पुण्याहून मेसेज पाठवायचा असेल तर सकाळपर्यंत थांबा. आणि ज्याचा वाढदिवस, तो पैसे देतो.

ओल्या केसांनी बाहेर निघालात तर कुणीतरी अडवेल. वाऱ्याची झुळूक मानेला लागून माणूस आजारी पडतो यावर इथे शिकलेल्यांचाही विश्वास आहे. वाद घालू नका, मफलर गुंडाळा.

मान डोलावणं

आपली ‘हो’ची मान इथे कुणाला कळत नाही. सरकारी कचेरीतला कारकून तिला शंका समजतो, मग तोच प्रश्न पुन्हा, जरा चढ्या आवाजात. तोंडानं ‘सी’ म्हणा. उलट दक्षिणेत हनुवटी वर उचलून जिभेनं ‘च्’ केलं तर ते ‘नाही’. बोटं जुळवून हात हलवणं ओळखीच्यांत खपतं, कारकुनासमोर नको.

तिकीट काढलं म्हणजे झालं असं वाटणं

प्रादेशिक ट्रेनचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, फोनवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो यामुळे. बसचं तिकीट ‘टी’ची पाटी असलेल्या तबाक्कीत, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या दुकानात, मिळतं आणि बसमध्ये चढून छापायचं. संप आधी जाहीर होतो आणि बऱ्याचदा शुक्रवारी येतो. कामाच्या दिवशीच्या संपातही प्रादेशिक ट्रेन सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत हमखास चालतात, तेवढं धरून बेत आखा.

ऑगस्टात मात्र काहीच धरून चालू नका. १५ ऑगस्टच्या आगेमागे दोन-तीन आठवडे न्हावी, सायकल दुरुस्तीवाला, घराचा एजंट, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, सगळे दारावर ‘सुट्टीनिमित्त बंद’ची चिठ्ठी लावून समुद्रावर गेलेले असतात. करार, दातांचं दुखणं, गिझरची दुरुस्ती, जे काय असेल ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकून घ्या.